आठ नंबर

अक्कलकोट रोड एमआयडीसी, एप्रिल, सकाळचे अकरा,
पत्र्याखाली बेचाळीस अंश.
कॉम्प्युटरच्या केबिनला काच आहे, एसी आहे,
एसीवर वाळत घातलेला टॉवेल आहे.
"हँग होऊलालंय बे," चिलका शेठ म्हणाले,
"रॅम टाक, दोन टाक,
पण दिवाळीपासूनची ही साडेसाती काढ."

मी रॅम आणली नव्हती. वही आणली होती.

टास्क मॅनेजर उघडला, मेमरी या शब्दावर टिचकी,
सगळ्यात जास्त खाणारा वर येऊन बसला:
जकार्डचं सॉफ्टवेअर, तीन हजार नऊशे एमबी,
आणि पडद्यावर एकही डिझाइन उघडं नाही.
प्रोसेसर पंचवीस टक्के. ना चोवीस, ना सव्वीस.
चार कोअरपैकी एक
घाण्याला जुंपल्यासारखा फिरतोय,
बाकी तिघे तंबाखू मळत बसलेत.

पहिला संशय अँटीव्हायरसवर,
गावात चोरी झाली की आधी ज्याला उचलतात तो.
दहा मिनिटं बंद ठेवला. आकडा चढतच राहिला.
सोडून दिला, माफी न मागता.
मग श्रीलताचा मोर, अडीच हजार हुकांवर मांडलेला.
"माझा मोर जड नाहीए," ती म्हणाली.
नव्हताच.

बंद करून परत सुरू केलं. एकशे ऐंशी एमबी.
"झालं की," शेठ.
झालं नव्हतं. ताप आलेल्याला अंघोळ घातली होती.
दर दहा मिनिटांनी वहीत एक आकडा:
१८०, १९४, २०८, २२२.
कुणी हात लावत नव्हतं. चौदा, चौदा, चौदा.
माणसाच्या चुकीला इतका ताल नसतो.

जेवणाच्या सुट्टीत माग थांबले. आकडा थांबला नाही.
मी नेटवर्कची वायर उपसली,
खरं सांगायचं तर काही सुचत नव्हतं म्हणून.
आकडा उसळला.
दहा मिनिटांत एकशे बारा.
कडक भाकरीचा तुकडा हातात तसाच.
चौदा आठे बारोदरशे.
म्हणजे आता आठ जण गप्प होते
आणि वायर होती तेव्हा एक.

यादीत माग आठ. शेडमध्ये जाऊन मोजले, सात.
उलटीकडून मोजले. सात.
भिंतीलगत जमिनीवर एक चौकोन, तेवढीच फरशी उजळ,
चार बोल्ट वर आलेले.
"तो भंगारात गेला, दिवाळीत," राजमौळी म्हणाले,
बॉबिनवरून नजर न काढता.
"माझ्याकडं होता. अठरा वर्षं."

सॉफ्टवेअरला कुणी सांगितलं नव्हतं.
ते दर दोन सेकंदांनी आठ नंबरला विचारत होतं, आहेस का,
आणि उत्तर नाही आलं की प्रश्न बाजूला ठेवत होतं,
उत्तर आल्यावर खोडू म्हणून.
एक कोअर त्या ढिगात
वरून खाली, खालून वर,
कुणाचं आलं का बघत.

राजमौळी हिशेब करत बसले:
मिनिटाला तीस, तासाला अठराशे…
दिवाळीपर्यंत पोचायच्या आत हसले.
"माझ्या घरच्यांनीपण इतक्या हाका मारल्या नसतील."
मग विचारलं, "नंबरानं बोलावतंय का नावानं?"
नंबरानं, मी म्हणालो.
"मग ठीकाय."

आठच्या पुढची खूण काढली.
पंखा थांबला, तेव्हा कळलं की इतका वेळ तो ओरडत होता.
चार वाजेपर्यंत वहीत: १८०, १८०, १८१, १८०.
त्या एकशे एक्क्याऐंशीनं घाम फोडला.

शेठनी पाचशे दिले, वर सेकंडचा एक टॉवेल,
मशीन अडकलं त्या ओळीवर मोराची मान तुटलेला.
बिलावर कामाचं वर्णन लिहायचं असतं.
मी लिहिलं: आठ नंबर.
"जीएसटीवाल्याला कळणार नाही," शेठ म्हणाले,
"रॅम लिही."
लिहिलं.